उपऱ्याचें घर

‘उपरा’ हा शब्द आजच्या मराठींत हेटाळणीचा झाला आहे. ज्याला कोणी जवळ करीत नाहीं, ज्याचें कोठें मूळ नाहीं, तो उपरा, असा त्याचा अर्थ सामान्यतः घेतला जातो. जुन्या दप्तरांत मात्र ‘उपरी’ हा शब्द केवळ व्यवहाराचा होता. बाहेरून येऊन गांवांत राहणारा आणि करारानें जमीन कसणारा तो उपरी. ज्याची जमीन व घरजागा वंशपरंपरेनें त्याची स्वतःची, तो मिरासदार. गांवाच्या हिशेबांत दोघांनाहि जागा होती. उपरी गांव सोडून गेला तर त्याच्या मागें कांहीं उरत नसे. मिरासदार मात्र दुष्काळांत परागंदा झाला तरी पुष्कळ वर्षांनीं परत येऊन आपली मिरास मागूं शकत असे.

परक्या मुलुखांतील खेड्यांत घर करूं पाहणाऱ्या प्रत्येक माणसापुढें आजहि हाच भेद उभा असतो. घर विकत मिळतें, भाड्यानें मिळतें, क्वचित् कोणी स्नेहानेंहि देतो. पण घर मिळणें ही एक गोष्ट आणि गांवांत मूळ धरणें ही दुसरी. पहिली एका दिवसांत होते; दुसरीला कधीं एक पिढी लागते, आणि कधीं ती मुळींच साधत नाहीं. हें मूळ कसें धरतें, याचीं उदाहरणें शोधण्यासाठीं फार दूर जावयास नको. पुणें जिल्ह्यांतील एका लहानशा गांवाच्या आसपास तीं दोन हजार वर्षांपासून पडलेलीं आहेत.

पुण्याहून नाशिकच्या रस्त्यानें सुमारें पाऊणशें किलोमीटर उत्तरेकडे गेलें म्हणजे नारायणगांव लागतो. त्याला लागूनच, मीना नदीच्या खोऱ्यांत, वारूळवाडी हा गांव आहे. द्राक्षांचे मळे, टोमॅटोचीं शेतें आणि उंसाचे फड यांनीं हा भाग आज हिरवा दिसतो. पश्चिमेस जुन्नर व शिवनेरी, आणि त्यांच्याहि पलीकडे नाणेघाट. कल्याण व सोपारा येथील बंदरांचा माल याच घाटानें देशावर चढत असे. ज्या मुलुखांतून व्यापाराचा रस्ता जातो, त्या मुलुखाला परक्याचें फारसें नवल नसतें. निजामशाहीचा कर्ता पुरुष मलिक अंबर हा मूळचा हबसाणांतला. पण सतराव्या शतकाच्या आरंभीं कांहीं काळ याच जुन्नरहून त्यानें राज्याचीं सूत्रें हलविलीं.

मलिक अंबराच्याहि पूर्वीं सुमारें पंधराशें वर्षें कांहीं परके ह्या डोंगरांत आपलीं नांवें ठेवून गेले आहेत. जुन्नरच्या भोंवतालीं दोनशेंच्या आसपास लेणीं कोरलेलीं आहेत. त्यांतील ब्राह्मी लेखांत दात्यांचा उल्लेख येतो. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें व पाण्याचें टाकें दिल्याचा एक लेख आहे. इतर लेखांपैकीं तिहींत दाता स्वतःस ‘यवन’ म्हणवितो. यवन म्हणजे मूळचा ग्रीक. पुढें पश्चिमेकडून आलेल्या परकीयांसहि हें नांव लावूं लागले. ह्या तिघांचीं नांवें इरिल, चिट आणि चंद अशीं आहेत. इरिलानें पाण्याचीं दोन टाकीं दिलीं. चिटानें संघासाठीं भोजनमंडप दिला. चंदानें मानमोडी डोंगरावरील चैत्यगृहाचें गर्भद्वार, म्हणजे त्याचा दर्शनी भाग, करून दिला.

हीं तीन दानें एकत्र मांडून पाहिलीं म्हणजे त्यांतील व्यवहारज्ञान ध्यानांत येतें. पाणी, अन्न आणि दार! सह्याद्रीच्या काळ्या पाषाणांत पाणी सहजासहजीं मुरत नाहीं. चार महिने पावसाची झोड, आणि उरलेले आठ महिने कोरडे. अशा ठिकाणीं कातळांत खोदलेलें टाकें हेंच जीवन. तें खोदणारा मनुष्य स्वतःपुरतें खोदीत नाहीं. घाट चढून येणारा प्रत्येक वाटसरू व वर्षावासाला राहिलेला प्रत्येक भिक्षु तेथें ओंजळ भरतो. भोजनमंडपांत परका आणि स्थानिक एका पंक्तीला येतात. दार तर उघडण्यासाठींच असतें. आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. हे लेख ग्रीक भाषेंत नाहींत. ते ह्या मुलुखाच्या प्राकृतांत आहेत, आणि ज्या कामासाठीं येथले धान्यव्यापारी दान करीत त्याच कामासाठीं हें दान आहे. आपलें परकेपण त्यांनीं लपविलें नाहीं. ‘यवन’ हा शब्द त्यांनीं दगडांत कोरविला. पण तो कोरविला येथल्या लोकांच्या भाषेंत.

पुढील काळांत गांवाची व्यवस्था अधिक घट्ट झाली. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गांवगाडा’ ह्या ग्रंथांत तिचें सविस्तर चित्र आढळतें. गांवाचे दोन भाग: घरांची ती पांढरी, आणि शेतांची ती काळी. एखाद्या घराण्याचा वंश खुंटला म्हणजे त्याची जमीन ‘गतकूळ’ म्हणून पडे. ती उपऱ्यास मिरास करून द्यावयाची तर नुसता पैसा पुरत नसे. मिरासपत्र होई, पाटील, कुळकर्णी व गांवकरी, प्रसंगीं बलुतेदारहि, साक्षीस बसत. घेणाऱ्यानें मोल द्यावें आणि गांवानें साक्ष द्यावी, तेव्हां व्यवहार पुरा होई. म्हणजे नव्या घराचा पाया दगडाचा असला तरी त्याचा आधार शेजाऱ्यांची स्मृति हाच होता.

ही व्यवस्था सर्वांना सारखी न्यायाची होती, असें मात्र समजूं नये. शिवेचा तंटा पडला म्हणजे ज्याची साक्ष प्रमाण मानीत, त्या महाराचेंच घर गांवकुसाबाहेर असे. नव्या आलेल्या उपऱ्यास पांढरींत जागा मिळे, आणि पिढ्यान्‌पिढ्या गांवाची सेवा करणारा माणूस वेशीबाहेर राही. तेव्हां ‘गांवानें जवळ केलें’ असें कोणी म्हणूं लागला, तर कोणत्या गांवानें, कोणाला, आणि कोणाला वगळून, हें विचारणें प्राप्तच आहे.

इंग्रजी अमलांत ह्या मुलुखांत आलेल्या एका परक्याचें चरित्र ह्या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. अलेक्झांडर गिब्सन हा १८०० सालीं स्कॉटलंडमध्यें जन्मला. एडिंबरो येथें शिकून तो कंपनी सरकारच्या वैद्यकीय नोकरींत आला. दख्खन व खानदेश ह्या भागांत देवी टोचण्याच्या कामावर त्याची नेमणूक झाली. ह्या कामासाठीं गांवोगांव हिंडणें आणि आईच्या कडेवरील मुलाला हात लावण्याइतका विश्वास मिळविणें प्राप्त असे. हिंदुस्थानी, मराठी आणि गुजराथी ह्या तीन भाषा त्यानें आत्मसात् केल्या. १८३८ सालीं तो पुण्याजवळील दापोडीच्या सरकारी बागेचा अधीक्षक झाला. त्याच्याच देखरेखीखालीं जुन्नर भागांतील हिवरें येथें औषधी वनस्पतींची दुसरी बाग उभी राहिली. सोनामुखी, खुरासानी ओंवा अशीं झाडें तेथें लावून सरकारी दवाखान्यांसाठीं औषधें तयार होऊं लागलीं. विलायतेहून बोटीनें येणारें औषध जुन्नरच्या मातींत पिकविण्याचा हा उद्योग होता.

गांवोगांव हिंडतांना गिब्सनच्या ध्यानांत एक गोष्ट आली. डोंगरावरचें रान तुटलें कीं पायथ्याचे झरे आटतात. ही गोष्ट त्यानें सरकारला पुनः पुनः लिहून कळविली. १८४७ सालीं मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक म्हणून त्याची नेमणूक झाली, आणि १८६० पर्यंत तो त्या जागेवर होता. डाल्झेल ह्या सहकाऱ्याबरोबर त्यानें मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ १८६१ सालीं प्रसिद्ध झाला. झाड आणि पाणी यांचा संबंध आज शाळेंतील मुलालाहि ठाऊक आहे. त्या काळीं तो सरकारी कागदावर आणणारे थोडेच होते. ह्या अर्थानें इरिलाप्रमाणें गिब्सननेंहि ह्या मुलुखाच्या पाण्याची चिंता वाहिली.

परंतु ह्या चित्राला दुसरीहि बाजू आहे. डोंगरउतारावर झाडें तोडून, राब जाळून नाचणी व वरी पिकविणाऱ्या लोकांवर निर्बंध घालावे, हेंहि गिब्सनच्या धोरणाचें अंग होतें. पुढें १८७८ च्या जंगल कायद्यानें राखीव जंगलें झालीं, आणि महादेव कोळी, ठाकर इत्यादि डोंगरवासी लोकांना ज्या रानांत त्यांचे पूर्वज वावरले त्याच रानांत लांकूडफाट्यासाठीं परवानगी मागण्याची पाळी आली. पाण्याविषयींचा गिब्सनचा हिशेब खोटा नव्हता. पण ज्यांच्या चुलीवर त्याचा भार पडणार होता, त्यांना तो विचारून मांडलेला नव्हता. पाणी राखलें, आणि दार लागलें. परका कितीहि जाणता आणि हितचिंतक असला, तरी गांवाचें हित त्यानें एकट्यानें ठरविलें म्हणजे तो अधिकारी होतो, गांवकरी होत नाहीं.

स्वातंत्र्यानंतर ह्याच भागांत आणखी एक पाहुणा आला. तो माणूस नसून दुर्बीण होती. वारूळवाडीपासून जवळच असलेल्या खोडद येथें, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या वतीनें, प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं प्रचंड रेडिओ-दुर्बीण उभारण्यांत आली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांपैकीं १४ मध्यभागीं आणि उरलेल्या १६ तीन शाखांवर, सुमारें २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या आहेत. २००२ पासून देशोदेशींचे शास्त्रज्ञ तिचा उपयोग करीत आहेत. ही जागा निवडण्याचें एक मुख्य कारण म्हणजे येथें माणसानें उत्पन्न केलेल्या रेडिओ-लहरींचा गोंगाट कमी होता. घर निवडतांना कोणी पाणी पाहतो, कोणी रस्ता. ह्या पाहुण्यानें शांतता पाहिली. आणि शांतता टिकवावयाची म्हणजे आसपासच्या उद्योगांवर कांहीं मर्यादा येणारच. हें मागणें लहान नाहीं. त्याची फेड काय, असा प्रश्न खेडुतानें विचारला तर तो अडाणीपणा नव्हे. वर्षांतून एकदां, २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञानदिनाच्या सुमारास, केंद्राचें दार सर्वांस खुलें होतें आणि शाळांचीं मुलें हजारोंनीं तेथें लोटतात. फेडीचा निदान एक हप्ता त्या दिवशीं दिला जातो.

परक्यांची ही परीक्षा घेतांना मराठी माणूस स्वतः परका झाला तेव्हां काय घडलें, हेंहि पाहिलें पाहिजे. १८३४ नंतर उंसाच्या मळ्यांवर काम करण्यासाठीं हिंदुस्थानांतून मजूर मॉरिशस बेटावर जाऊं लागले. त्यांत कोंकणांतील मराठी लोक होते. गांव निवडण्याचें स्वातंत्र्य त्यांना नव्हतें. मळेवाला ठेवील तो गांव. तरीहि त्यांनीं तेथें मूळ धरलें. त्यांनीं देव्हाऱ्यांतला गणपति गांवच्या रस्त्यावर आणला, आणि आज गणेशचतुर्थी ही त्या देशाची सार्वजनिक सुट्टी आहे. मराठी तेथील शाळांतून शिकविली जाते. घरांतील बोली त्या मुलांची क्रेओल झाली, तथापि सणाच्या दिवशीं दाराशीं आलेल्या शेजाऱ्याला, तो कोणत्याहि जातिधर्माचा असो, प्रसाद मिळतो. पाहुण्यानें आपलें जें उत्तम तें गांवाच्या पंक्तीला वाढलें; चिटाच्या भोजनमंडपाची ही दुसरी आवृत्ति होय.

आतां प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळणें योग्य होईल. आज परदेशांत आयुष्य घालवून परतणारा, किंवा परमुलुखांतून येणारा कोणी वारूळवाडीसारख्या गांवांत घर पाहूं लागला, तर त्यानें काय पाहावें?

पहिलें पाणी. गांव एकदां पाहूं नये; तीन ऋतूंत पाहावा. आषाढांत रस्ता कोठें तुंबतो तें कळतें. मार्गशीर्षांत सर्वच गांवें सुंदर दिसतात. वैशाखांत मात्र खरा गांव दिसतो. विहीर कितव्या हातावर लागली आणि ती कोणत्या महिन्यांत तळ दाखविते, हें विकणाऱ्यास न विचारतां शेजारच्या म्हातारीला विचारावें. कुकडी प्रकल्पाच्या धरणांमुळें व कालव्यांमुळें ह्या भागांत पाण्याची सोय झाली आहे, हें खरें. पण त्या सोयीचें मोल कोणी दिलें, हेंहि जाणून घ्यावें. ह्याच प्रकल्पांतील डिंभें धरणाच्या जलाशयांत घोड नदीकांठचा जुना आंबेगांव बुडाला. ज्या गांवाच्या नांवानें तालुका ओळखला जातो, त्याचींच माणसें आपल्या मुलुखांत उपरीं झालीं. कालव्याच्या पाण्यावर बाग फुलविणाऱ्या नवागतानें हें विसरूं नये.

दुसरे कागद. सातबाराचा व आठ-अचा उतारा, फेरफार, ‘इतर हक्क’ ह्या रकान्यांतील बारीक अक्षरें, शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट, हें सर्व डोळ्यांत तेल घालून पाहावें. १९४८ च्या कूळकायद्याप्रमाणें, जो शेतकरी नाहीं त्याला महाराष्ट्रांत परवानगीवांचून शेतजमीन घेतां येत नाहीं. परदेशीं राहणाऱ्या भारतीयाला, तसेंच परदेशाचें नागरिकत्व पत्करून ओसीआय कार्ड घेतलेल्या माणसाला राहतें घर घेतां येतें. शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेतां येत नाहीं, मात्र वारसानें मिळूं शकतें. म्हणून बहुतेकांचा मार्ग गांवठाणांतील घराकडेच जातो. आणि तो वाईट नाहीं. गांवठाण म्हणजेच जुनी पांढरी. तेथें भिंतीला भिंत लागलेली असते, त्यामुळें शेजार आपोआप घडतो.

तिसरी गोष्ट रानाची. ह्या तालुक्यांत ऊंस वाढला तसा बिबट्या उंसांत राहूं लागला. तेथेंच त्याची पिल्लें वाढतात. माणसांचेहि बळी गेले आहेत. माणिकडोह येथें पकडलेल्या व जखमी बिबट्यांसाठीं निवारा केंद्र आहे. पण गांवांतील खबरदारी गांवानेंच घ्यावयाची असते. गोठा वरून व बाजूंनीं बंद हवा, अंगणांत दिवा हवा, आणि तिन्हीसांजेला लहान मूल एकटें बाहेर जातां कामा नये. शहरांतून येणारा मनुष्य एकांतासाठीं फडाच्या कडेला बंगला बांधतो आणि वर बिबट्याला पाहून नवल करतो. कोणत्या ओढ्यानें तो येतो हें गुराख्याच्या पोराला ठाऊक असतें. त्या पोराशीं ओळख असणें हें उंच कुंपणाइतकेंच उपयोगी आहे.

चौथी गोष्ट दाराची. ह्या भागांतील जुन्या घरांना ओटा आणि ओसरी असे. येणारा जाणारा तेथें टेके. पाण्याचा तांब्या येई. पावसाची, बाजारभावाची, लग्नकार्याची बातमी तेथेंच कळे. नव्या बंगल्याला ओसरीच्या जागीं लोखंडी फाटक आलें. फाटकानें चोर थांबतो. त्याबरोबर बातमीहि थांबते. ज्याला गांवांत मूळ धरावयाचें असेल त्यानें घर लहान बांधावें, पण बसण्याचा ओटा ठेवावा.

आणि शेवटची गोष्ट ग्रामसभेची. भारताचा नागरिक असलेल्या नवागतानें गांवच्या मतदार यादींत नांव नोंदविलें म्हणजे तो ग्रामसभेचा सभासद होतो. त्या सभेंत पाणीपट्टी, रस्ता, शाळा यांचीं गाऱ्हाणीं निघतात. आजच्या काळांतलें मिरासपत्र तें हेंच. येथें वेशीच्या आंतला आणि बाहेरचा असा भेद कायद्यानें उरलेला नाहीं, हा जुन्या गांवगाड्यावर झालेला मोठाच लाभ आहे. परदेशी नागरिकाला मत नाहीं; पण विहिरीचा गाळ काढण्याच्या दिवशीं पाटी उचलण्यास मताची गरज लागत नाहीं. नवागतानें पहिलीं दोन वर्षें सभेंत ऐकावें अधिक, बोलावें थोडें. आपल्या देशांत किंवा शहरांत कसें असतें, हें सांगण्याची घाई करूं नये. गांवाला सुधारणा नको असते असें नाहीं. तिच्या किंमतीचा हिशेब आपणांस विचारून व्हावा, एवढेंच गांवाचें म्हणणें असतें. गिब्सनच्या उदाहरणावरून तें रास्त ठरतें.

मानमोडीच्या चैत्यगृहावर चंदाचें नांव अजून वाचतां येतें. तो कोणत्या समुद्रापलीकडून आला आणि त्याचें राहतें घर कोठें होतें, याची खूण आतां उरलेली नाहीं. माणूस स्वतःसाठीं जें बांधतो तें पडतें. ज्या पाण्यावर, ज्या पंक्तीला आणि ज्या दारांतून इतरांचें येणें-जाणें होतें, तेथें त्याचें नांव टिकतें. परक्या गांवांत घर शोधणाऱ्यानें खोल्या मोजण्यापूर्वीं एवढें विचारावें: ह्या गांवाच्या टाक्यांत आपल्या हातून एक घागर तरी भर पडेल काय? उत्तर होकारार्थी असेल, तर ओसरीवर पाण्याचा पहिला तांब्या येण्यास फार दिवस लागत नाहींत.